‘पॅड नव्हते तेव्हा बायका काय करायच्या?’

वाचकाचे पत्र : माझी मुलगी तेरा वर्षांची आहे आणि सहा महिन्यांपूर्वी तिला पाळी सुरू झाली. परवा तिने सहज विचारले, ‘आई, पॅड नव्हते तेव्हा बायका काय करायच्या?’ ‘कापड घ्यायच्या’ एवढेच मला सांगता आले. ‘मग ते निसटायचे नाही का?’ या तिच्या पुढच्या प्रश्नावर मी गप्प झाले. सासूबाईंना विचारले, तर ‘कशाला त्या जुन्या गोष्टी’ म्हणून त्यांनी विषय संपवला. मुलीने कापडी पॅड आणि योनीत बसवून रक्त साठवणाऱ्या कपाविषयी कुठेतरी वाचले आहे व तिला ते वापरून पाहायचे आहेत. मला मात्र वाटते की ज्या कापडातून सुटायला बायकांना इतकी वर्षे लागली, त्याच्याकडे परत वळणे म्हणजे मागे जाणे. शिवाय टॅम्पॉनमुळे, म्हणजे योनीत घालायच्या शोषक बोळ्यामुळे, जीव जाऊ शकतो, असेही ऐकले आहे. तिला काय सांगावे आणि काय वापरू द्यावे? — एक आई

उत्तर :

सप्रेम नमस्कार.

तुमच्या मुलीचा दुसरा प्रश्न पहिल्यापेक्षाही मोलाचा आहे, आणि तिला तो सुचला याबद्दल तिचे कौतुक करा. ‘निसटायचे नाही का?’ हाच प्रश्न बायकांना शेकडो वर्षे पडत आला आहे आणि या साधनांच्या इतिहासाचा मोठा भाग त्याच्या उत्तराच्या शोधातच गेला आहे. म्हणून सुरुवात तिथूनच करते.

बौद्ध संघाच्या नियमांचा ग्रंथ असलेल्या विनयपिटकातील चुल्लवग्ग या भागात भिक्खुणींसाठी केलेल्या नियमांची एक मालिका आहे. पाळीच्या दिवसांत भिक्खुणी जिथे बसत-निजत तिथल्या आसनांना आणि बिछान्यांना रक्त लागू लागले, तेव्हा त्या दिवसांपुरते वेगळे वस्त्र वापरण्याची परवानगी देण्यात आली. तेही माखू लागले, म्हणून आत घेण्यासाठी कापड मंजूर झाले. ते कापड गळून पडू लागले, तेव्हा ते दोऱ्याने मांडीला बांधावे असे ठरले. मग दोराच तुटू लागला, म्हणून लंगोटासारखे वस्त्र आणि कमरेचे सूत यांना अनुमती मिळाली. प्रत्येक नियमामागे कोणीतरी येऊन सांगितलेली एक साधी, रोजच्या वापरातली अडचण आहे आणि ती ऐकून लगेच पुढचा उपाय केलेला आहे. हा मजकूर मी पहिल्यांदा वाचला तेव्हा मला फार बरे वाटले होते, कारण त्यात लाज किंवा दोष कोणावरही टाकलेला नाही. आहे ती केवळ कापड कसे टिकवायचे याची चर्चा. मुलीला हा प्रसंग जरूर सांगा. तिचा प्रश्न तिच्या आधी कितीतरी जणींनी विचारला आहे, हे तिला त्यातून कळेल.

प्राचीन काळाबद्दल एक सावधगिरी मात्र बाळगायला हवी. इजिप्तच्या स्त्रिया पपायरसचे टॅम्पॉन वापरत, किंवा हिप्पोक्रॅटिसने लाकडाच्या तुकड्याभोवती धागे गुंडाळून केलेल्या टॅम्पॉनचे वर्णन केले आहे, अशी वाक्ये तुम्हाला जागोजागी वाचायला मिळतील. प्राचीन ग्रीक वैद्यकाच्या अभ्यासक हेलन किंग यांनी ग्रीक ग्रंथांच्या आधारे दाखवून दिले आहे की हिप्पोक्रॅटिसबद्दलच्या या दाव्याला तिथे आधार सापडत नाही. त्या ग्रंथांत योनीत ठेवायच्या औषधी गोळ्या आणि बोळे आहेत. पण ते आजारावरच्या उपचारासाठी आहेत, पाळीचे रक्त टिपण्यासाठी नाहीत. ज्याचा लेखी पुरावा खरोखर सापडतो ते म्हणजे कापड. अलेक्झांड्रियाच्या हायपेशिया या विदुषीने मागे लागलेल्या एका तरुणासमोर आपली पाळीची फडकी धरली, अशी कथा तिच्यानंतर सुमारे शतकभराने लिहिली गेली. ती घडली असो वा नसो, लिहिणाऱ्याला आणि वाचणाऱ्याला अशी फडकी ठाऊक होती, एवढे तिच्यावरून नक्की कळते.

आणखी एक गोष्ट मुलीला समजावून सांगण्यासारखी आहे. पूर्वी पाळी बहुधा आजच्यापेक्षा उशिरा सुरू होई, बाळंतपणे अधिक असत आणि मुले दीर्घकाळ अंगावर पीत. त्यामुळे एका स्त्रीच्या वाट्याला येणाऱ्या पाळ्यांची एकूण संख्या आजच्या मानाने बरीच कमी असे. आज एखाद्या स्त्रीला आयुष्यात साधारण ४०० वेळा पाळी येते. शाळा, नोकरी, प्रवास, खेळ या सगळ्यांतून ती सांभाळायची असते. म्हणून गरजच बदलली, आणि साधने त्या गरजेमागून आली.

विकत मिळणारे, वापरून टाकून द्यायचे पॅड एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस आले. इंग्लंडमध्ये बर्मिंगहॅमच्या साउथॉल कंपनीच्या पॅडच्या जाहिराती प्रवासाला निघणाऱ्या स्त्रियांना उद्देशून असत, कारण परक्या ठिकाणी कापड धुवायचे कुठे आणि वाळवायचे कुठे हा प्रश्न सगळ्यांत बिकट होता. अमेरिकेत जॉन्सन अँड जॉन्सनने १८९७च्या सुमारास ‘लिस्टर्स टॉवेल्स’ नावाने असेच पॅड बाजारात आणले. ते फारसे चालले नाहीत. पॅड वाईट होते म्हणून नव्हे. ते दुकानात मागायचे कसे आणि छापील जाहिरातीत त्यांच्याविषयी लिहायचे कसे, यावर कोणाकडेच तोडगा नव्हता म्हणून. वस्तू तयार होती, शब्द तयार नव्हते.

पुढचा टप्पा युद्धातून आला. किंबर्ली-क्लार्क या अमेरिकी कागद कंपनीने लाकडाच्या लगद्यापासून कापसासारखा मऊ, कापसापेक्षा स्वस्त आणि कितीतरी अधिक शोषक असा पदार्थ तयार केला होता. ‘सेल्युकॉटन’ हे त्याचे नाव. पहिल्या महायुद्धात जखमांच्या मलमपट्टीसाठी तो लष्कराला मोठ्या प्रमाणावर पुरवला गेला. रुग्णालयांतल्या परिचारिकांनी तो हाताळला आणि त्याचा दुसरा उपयोग स्वतःच ओळखून पाळीसाठी त्याच्या पट्ट्या वापरायला सुरुवात केली. १९१८मध्ये युद्ध संपले, लष्कराची मागणी थांबली आणि हाती उरलेल्या मालाचे काय करायचे हा प्रश्न कंपनीपुढे आला. त्यातून १९२०मध्ये ‘कोटेक्स’ हे पॅड निघाले. या शोधाचे श्रेय सहसा कंपनीला दिले जाते. माझ्या मते त्याचा मोठा वाटा त्या अनाम परिचारिकांचा आहे.

लगद्याची ही गोष्ट पुढेही उपयोगी पडते. कोइंबतूरच्या अरुणाचलम मुरुगनंतम यांनी १९९०च्या दशकाच्या अखेरीस स्वस्त पॅड बनवण्याचा ध्यास घेतला, तेव्हा त्यांनी आधी साधा कापूस वापरला आणि ते पुन्हा पुन्हा अपयशी ठरले. बाजारातल्या पॅडमध्ये कापूस नसून लाकडापासून काढलेला सेल्युलोज असतो, हे उमगायला त्यांना दोन वर्षांहून अधिक काळ लागला. रोज वापरात असलेली वस्तू कशाची बनली आहे, हे कोणी विचारत नव्हते आणि कोणी सांगतही नव्हते.

कोटेक्स आले तरी ते मागायची लाज संपली नव्हती. काही दुकानांत गल्ल्याजवळ पॅडच्या खोक्यांची चळत आणि शेजारी पैसे टाकायचा डबा ठेवत, म्हणजे स्त्रीला तोंड उघडावे लागू नये. ‘मोडेस’ या पॅडच्या १९२८च्या जाहिरातीत तर एक कूपनच छापलेले असे. ते मासिकातून कापायचे, दुकानातल्या विक्रेत्याच्या हातात द्यायचे आणि काही न बोलता गुंडाळलेले खोके घेऊन बाहेर पडायचे. चिठ्ठीवर एक खोके द्यावे एवढीच विनंती असे. कात्री घेऊन मासिकाचा तो चौकोन कापत बसलेली बाई डोळ्यांसमोर आणून पाहा. विकत घेण्याची ऐपत असूनही नुसते नाव उच्चारणे तिला किती जड जात असेल, याची कल्पना येईल.

मोडेस तयार करणाऱ्या जॉन्सन अँड जॉन्सननेच १९२७मध्ये लिलियन गिलब्रेथ या अभियंता व मानसशास्त्रज्ञ स्त्रीकडून पॅडचा अभ्यास करून घेतला होता. गिलब्रेथ यांनी जे केले ते आज अगदी साधे वाटेल : त्यांनी मोठ्या संख्येने तरुण स्त्रियांना विचारले. उत्तर आले की पॅड फार मोठे आहेत, त्यांच्या कडा कपड्यांतून दिसतात, ते टाकून देणे अवघड जाते, आणि म्हणून अनेक जणी विकत आणलेले पॅड घरी कापून-दुमडून आपल्या अंगाजोगे करून घेतात. इतकी वर्षे प्रत्येक जण हा उद्योग एकटीने, गुपचूप करत होती. कोणी विचारले तेव्हा तो सगळ्यांचा अनुभव असल्याचे उघड झाले.

आता पुन्हा मुलीच्या प्रश्नाकडे येते, कारण हे सगळे पॅडही निसटतच होते. त्यांना चिकटपट्टी नव्हती. त्यासाठी कमरेला एक इलॅस्टिकचा अरुंद पट्टा बांधावा लागे. त्याला पुढे आणि मागे एकेक पट्टी लोंबत असे व तिच्या टोकाला धातूचा किंवा प्लॅस्टिकचा दात असलेला आकडा असे. पॅडची दोन्ही टोके मुद्दाम लांब शेपटीसारखी ठेवलेली असत. ती आकड्यातून ओवून, दातांत घट्ट अडकवून ताणून धरायची. आकडा पाठीच्या खालच्या हाडापाशी टोचे, चालताना पॅड पुढे किंवा मागे ओढला जाई, आणि पट्टा सैल झाला की सगळेच सरके. भिक्खुणींचे कमरेचे सूत आणि विसाव्या शतकातला हा पट्टा यांत तत्त्वाचा फरक नाही.

पट्टा सुधारण्याचा प्रयत्न केलेल्यांपैकी मेरी बिअ‍ॅट्रिस डेव्हिडसन केनर यांचे नाव मुलीला आवर्जून सांगा. या कृष्णवर्णीय अमेरिकी संशोधिकेने लहान-मोठा करता येणारा आणि ओल बाहेर येऊ न देणारा कप्पा असलेला पट्टा योजला व १९५०च्या दशकात त्याचे पेटंट मिळवले. एका कंपनीने त्यात रस दाखवला. पण केनर कृष्णवर्णीय आहेत हे समजताच तिने हात आखडता घेतला. पाळीचे साधन सुधारण्याच्या वाटेत स्त्रीचे शरीर आणि तिच्या कातडीचा रंग अशा दोन्ही गोष्टी आडव्या आल्या, याचे मला आजही वाईट वाटते. अखेर १९६९-७०च्या सुमारास पॅडच्या मागे चिकटपट्टी लावून तो थेट अंतर्वस्त्राला चिकटवण्याची युक्ती बाजारात आली आणि पुढच्या दशकभरात पट्टे दिसेनासे झाले. तुमची मुलगी जे पॅड क्षणात चिकटवते, ती सोय एवढी अलीकडची आहे. पॅड पातळ करणारे, ओल शोषून तिचा जेलसारखा थर बनवणारे पदार्थ तर १९८०च्या दशकात रूढ झाले.

टॅम्पॉन आणि कप यांचा इतिहास याच काळात समांतर चालला होता. अर्ल हास या अमेरिकी डॉक्टरांनी दाबून घट्ट केलेल्या कापसाला दोरा शिवून, तो आत सरकवण्यासाठी एकात एक जाणाऱ्या पुठ्ठ्याच्या दोन नळ्या योजल्या आणि १९३१मध्ये पेटंटसाठी अर्ज केला. ते पेटंट गर्ट्रूड टेंड्रिच या उद्योजक स्त्रीने विकत घेऊन ‘टॅम्पॅक्स’ उभी केली. नळीशिवाय बोटाने बसवायचा टॅम्पॉन जर्मनीत स्त्रीरोगतज्ज्ञ युडिट एसर-मिटाग यांच्या मदतीने तयार झाला आणि १९५०मध्ये विक्रीस आला. कपाला लोक आजचा शोध समजतात, पण लिओना चामर्स या अमेरिकी स्त्रीने रबरी कपाचे पेटंट १९३७मध्येच घेतले होते. दुसऱ्या महायुद्धात रबराचा तुटवडा पडला आणि उत्पादन थांबले. १९५०च्या दशकाच्या अखेरीस तो पुन्हा आणला गेला, तरीही आपल्याच शरीराला हात लावावा लागणारी वस्तू तेव्हाच्या स्त्रियांनी फारशी स्वीकारली नाही. वैद्यकीय सिलिकॉनचे कप या शतकाच्या सुरुवातीला आले, आणि तेव्हाच त्यांना खरा स्वीकार मिळाला.

टॅम्पॉनमुळे जीव जाण्याविषयी तुम्ही जे ऐकले आहे त्याला आधार आहे, म्हणून ते नीट समजून घेऊ. ‘टॉक्सिक शॉक सिंड्रोम’ या आजाराला हे नाव १९७८मध्ये मिळाले. स्टॅफिलोकोकस ऑरियस हा जिवाणू काही परिस्थितीत जे विष तयार करतो, त्यातून तो होतो. १९८०मध्ये अमेरिकेत पाळीच्या काळात या आजाराने शेकडो स्त्रिया आजारी पडल्या आणि त्यांतल्या काही दगावल्या. ‘रिलाय’ नावाच्या अतिशोषक टॅम्पॉनचा त्यांतील बऱ्याच रुग्णांशी संबंध आढळला. त्यात कापूस नव्हता. कृत्रिम फेसाचे तुकडे आणि पाणी शोषून फुगणारा एक सेल्युलोजजन्य पदार्थ होता. एकच टॅम्पॉन खूप वेळ चालावा, हेच त्याचे मोठे आकर्षण होते. प्रॉक्टर अँड गॅम्बल कंपनीने त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये तो मागे घेतला. पुढे अमेरिकेत टॅम्पॉनच्या खोक्यावर शोषणक्षमता ठरलेल्या मापानेच छापणे बंधनकारक झाले. आज हा आजार अतिशय विरळा आहे, पण संपलेला नाही. मुलगी पुढे कधी टॅम्पॉन वापरणार असेल, तर तिने गरजेपुरती सर्वांत कमी शोषणक्षमता निवडावी, चार ते आठ तासांत तो बदलावा आणि एकच टॅम्पॉन आठ तासांपेक्षा जास्त ठेवू नये. टॅम्पॉन किंवा कप आत असताना अचानक जोराचा ताप, उलट्या, जुलाब, चक्कर किंवा उन्हाने भाजल्यासारखे पुरळ दिसले, तर टॅम्पॉन किंवा कप लगेच काढून त्याच वेळी डॉक्टरांकडे जावे आणि काय वापरले होते ते त्यांना सांगावे.

आता कापडाबद्दल. ‘मागे जाणे’ या तुमच्या शब्दामागची वेदना मला कळते, पण मी तो शब्द वापरणार नाही. कापडाने बायकांना जो त्रास झाला, त्यातला बराचसा ते लपवावे लागल्यामुळे झाला. चोरून आणि घाईत धुतलेले, साबण न लागलेले, दुसऱ्या कपड्याखाली झाकून अंधारात वाळत घातलेले आणि आतून दमट राहिलेले कापड त्वचेला खाज आणि पुरळ देते. तेच कापड मोकळेपणाने धुतले आणि उन्हात वाळवले, तर ते उत्तम साधन आहे. आजच्या कापडी पॅडला पंख आणि बटणे असतात, त्यामुळे निसटण्याचा प्रश्नही बराच मिटला आहे. वापरलेले कापड आधी थंड पाण्यात भिजवावे, कारण गरम पाण्याने रक्तातील प्रथिने धाग्यात घट्ट बसतात आणि डाग जात नाही. नंतर साबणाने स्वच्छ धुऊन, थेट उन्हात पूर्ण कोरडे होईपर्यंत वाळवावे. एवढे पाणी, वेळ आणि उघडी जागा घरात मिळत असेल तर तिला कापडी पॅड खुशाल वापरू द्या. शाळेच्या दिवसांत वापरलेले पॅड सोबत बाळगणे तिला नको वाटले, तर तेव्हा साधे पॅड आणि घरी कापडी पॅड अशी सांगड घालता येते. एकाच साधनाशी निष्ठा ठेवण्याचे काहीच कारण नाही. टाकून द्यायचे पॅड मात्र कागदात गुंडाळून कचऱ्यातच टाकायचे, शौचालयात कधीही सोडायचे नाहीत. त्यांतले प्लॅस्टिक पाण्यात विरघळत नाही आणि नळ तुंबतात.

कपाविषयी २०१९मध्ये ‘लॅन्सेट पब्लिक हेल्थ’ या वैद्यकीय नियतकालिकात ४३ अभ्यासांचा एकत्रित आढावा प्रसिद्ध झाला. त्यांत सुमारे ३,३०० स्त्रिया व मुली होत्या. कपातून होणारी गळती पॅड किंवा टॅम्पॉनइतकीच किंवा त्याहून कमी असल्याचे आढळले. मात्र तो सरावाने बसायला काही पाळ्या जाव्या लागतात, हेही दिसले. तेराव्या वर्षी कप वापरणे धोक्याचे नाही, पण त्याची घाईही नाही. पाळी सुरू होऊन सहाच महिने झाले आहेत. तिला आधी आपल्या पाळीचा क्रम आणि प्रवाह ओळखू द्या. पुढे तिची इच्छा कायम राहिली, तर लहान मापाचा, मऊ कप आणावा, दोन पाळ्यांच्या मध्ये तो उकळून घ्यावा, आणि आत सरकवताना दुखत असेल तर जोर न लावता स्त्रीरोगतज्ज्ञांना विचारावे. कपामुळे किंवा टॅम्पॉनमुळे योनिपटल ताणले जाऊ शकते. त्याने तिच्या आरोग्यात किंवा मुलगी म्हणून तिच्या प्रतिष्ठेत कसलीही उणीव येत नाही, हे तिला तुमच्याच तोंडून ऐकायला मिळावे असे मला मनापासून वाटते.

साधन कोणतेही असो, पॅड दर एक-दोन तासांनी भिजून जात असेल, रक्तस्राव सात दिवसांहून अधिक चालत असेल किंवा मोठ्या गाठी पडत असतील, तर डॉक्टरांकडे जायला हवे. मुली पुष्कळदा हे सांगत नाहीत, कारण इतरांचे किती जाते हे त्यांना ठाऊक नसते. म्हणून तुम्ही स्वतः विचारा.

राहता राहिल्या तुमच्या सासूबाई. त्यांनी विषय संपवला याचा राग धरू नका. त्यांच्या काळात हा विषय कोणी सुरूच होऊ दिला नव्हता. ‘तुमच्या वेळी कसे होते’ असा मोठा प्रश्न विचारला की मनात साठलेले सगळे एकदम वर येते आणि माणूस दार लावून घेतो. त्यापेक्षा एखाद्या निवांत दुपारी, मुलगी शेजारी असताना, तिचाच लहानसा प्रश्न तिलाच विचारू द्या : ‘आजी, कापड सरकू नये म्हणून तुम्ही काय करायचात?’ दोरी होती, पिन होती, की घडीच वेगळ्या पद्धतीने घालायच्या, हे त्यांच्या हातांना अजून नक्की आठवत असेल.